सोळावरचा काटा

...आणि काटा सोळावर. मला वाटलं चष्म्याची गडबड असेल, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, सोळा. मान तिरपी करून बघितलं, सोळा. आता तुम्ही म्हणाल, सोळा तर सोळा, त्यात एवढं काय? तेच तर तुम्हाला सांगतो. माणसाने निवृत्त व्हावं, सकाळी फिरून यावं, भाजी आणावी, निवडून द्यावी, पण मुलाने प्रेमाने भेट दिलेलं यंत्र घरात घेऊ नये. घेतलंच तर डब्यातून काढू नये. आणि काढलंच तर निदान चालत्या गाडीला लावू नये.

चालत्या म्हणजे, गाडी चांगली चालत होती हो. शहाण्णव सालची आमची पांढरी गाडी, कार्बोरेटरवाली. सकाळी चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला चालू, तिसऱ्याची वेळ नाही. एक तक्रार नव्हती. पण आमचा विपुल, म्हणजे मुलगा, मी रिटायर झालो तेव्हा म्हणाला, "बाबा, तुम्हाला टाइमपास पाहिजे ना, ये लो, तुमच्यासाठी ऑनलाइन मागवला." त्याचं मराठी असंच आहे, अर्ध्या वाटेवर हिंदी बसमध्ये चढतं. डबा उघडला तर आत व्हॅक्यूम गेज. गोल तबकडी, त्यावर शून्य ते तीस आकडे, खाली रबराची नळी, आणि सोबत रंगीत तक्त्याचं एक पुस्तक.

हे काय असतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर आमची लतिका म्हणते तसं, "अहो, लोकांना कळू तरी द्या आधी." आपण नळीने उसाचा रस ओढतो की नाही? तसं इंजिन हवा ओढतं. किती जोराने ओढतं ते हा काटा दाखवतो. नळी इंजिनाला जोडायची, गाडी उभ्याउभ्या चालू ठेवायची आणि वाचायचं. काटा थरथरला तर हा आजार, हळूहळू खाली गेला तर तो आजार. तक्त्यात सगळं रंगवून दिलंय. सतरा ते बावीस हिरवा पट्टा, म्हणजे तब्येत उत्तम. त्याच्या खाली पिवळा. आमचा काटा पिवळ्यात, सोळावर, स्थिर. तक्त्यात त्यापुढे लिहिलेलं, स्थिर पण कमी... टायमिंग चुकलं असेल, हवा गळत असेल, नाहीतर आतून इंजिन झिजलं असेल.

आता मी कोण? इथल्याच, देवासच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात एकतीस वर्षं काढलेला माणूस. आयुष्यभर काटेच तपासले. आमच्या खोलीत भिंतीवर पाटी होती, मीच रंगवलेली, "काटा खोटं बोलत नाही." ऑपरेटर यायचे, साहेब, बॉयलर ठीक आहे हो, मीटरच खराब दिसतंय. मी पाटीकडे बोट दाखवायचो. बास. पुढे चर्चा नाही.

तर माझ्यासारख्या माणसाने काय करायचं? गाडी आजारी आहे असं धरूनच चालायचं.

लतिका म्हणाली, "बीपीचं मशीन आणलंत तेव्हाही असंच झालं होतं. मशीन यायच्या आधी तुम्हाला बीपी नव्हतं."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. बीपी वेगळं, इंजिन वेगळं.

आणि ही नुसती हौस नव्हती हं. मागे कारण होतं. कारण म्हणजे बापू, माझे वडील, वय शहाऐंशी. चौतीस वर्षं धारला शाळेत भूगोल शिकवला. धारला आमच्या घराण्याकडे एक लहानसं दत्ताचं देऊळ आहे, दत्तजयंतीला दिवेलागणीला जन्म होतो, आणि त्या पाळण्याची दोरी बापूंच्या हातात. बावन्न वर्षं, एक वर्ष खंड नाही. माझ्याकडे देवासला राहायला आल्यापासून ते धारला जातात ते याच पांढऱ्या गाडीतून, पुढच्या सीटवर, कोपर खिडकीबाहेर काढून. विपुलच्या नव्या गाडीत त्यांना घुसमटतं, आणि बसची पायरी दोन वर्षांपासून चढवत नाही. विपुलने यंदा सांगून टाकलं होतं, "बाबा, अबके गाडी रस्त्यात उभी राहिली ना, तो मैं बेच दूँगा. बापू पुढच्या वर्षीपासून व्हिडिओ कॉलवर पाळणा बघतील." बघतील म्हणे. दोरी काय फोनमधून ओढायची?

तेव्हा काटा हिरव्यात आणायचा होता आणि दत्तजयंतीला तीन आठवडे होते.

पहिला गेलो अमनकडे. अमन म्हणजे आमचा मेकॅनिक, भोपाळ रोडला त्याचं दुकान आहे. चाळिशीचा माणूस, पण उपकरण काय, तर एक हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनावर ठेवतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "काकासाब, इसमें कुछ नी हुआ. भोत बढ़िया चल री हे."

मी म्हटलं, काटा बघ.

"काँटा तो मेंने देख लिया. पर गाड़ी तो बोल री हे ना, की में ठीक हूँ."

आता सांगा, एकीकडे पितळी आवरणाचा, बंद डब्यात सीलबंद आलेला गेज, दुसरीकडे पेचकस आणि कान. तुम्ही कुणावर विश्वास ठेवाल? मी म्हटलं, अमन, काटा खोटं बोलत नाही. तो म्हणाला, "हाओ काकासाब," आणि चहा मागवला. या माणसाची हीच सवय वाईट. वाद घालत नाही.

मग मीच बसलो. रबराच्या सगळ्या नळ्या बदलल्या, काटा सोळा. कार्बोरेटरखालची पॅकिंग बदलली, सोळा. प्लग नवे, सोळा. अंगणात मी गाडीत डोकं घालून, आणि शेजारी उन्हात खुर्ची टाकून बापू. आणि बापूंची एक सवय तुम्हाला सांगायला पाहिजे. कुठल्याही गावाचं नाव निघालं की त्यांचा एकच प्रश्न, समुद्रसपाटीपासून किती उंचावर? विपुलसाठी बदनावरची मुलगी बघायला गेलो, चहा आला, पोहे आले, बापूंनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "उंची किती हो?" ते बिचारे म्हणाले, पाच फूट तीन. बापू म्हणाले, "शक्यच नाही. भरतीला बुडेल." ते स्थळ तिथेच राहिलं.

तर बापू खुर्चीतून म्हणाले, "दादा," थोरला म्हणून मी घरात दादा, "दादा, हे यंत्र कुठलं आहे रे? समुद्रकाठचं का?"

मी म्हटलं, बापू, ऊन लागतंय का? खुर्ची सरकवू?

म्हणाले, "सरकव." सरकवली.

इन्स्ट्रुमेंटवाला माणूस एका गेजवर निकाल देत नाही. मी दुसरा गेज मागवला, वेगळ्या कंपनीचा. जोडला, सोळा. झालं, आता शंकाच नको. तरी तुलनेला एक निरोगी गाडी हवी, म्हणून दोन्ही गेज घेऊन हाटपिपल्याला गेलो, शिवाजीरावाकडे. शिवाजीराव माझा कारखान्यातला जोडीदार, माझ्याच विभागातला, माझीच पाटी रोज वाचणारा. रिटायर होऊन गावी राहतो. त्याच्याकडे हुबेहूब अशीच गाडी, तीही सुरेख चालणारी. जोडला गेज. सोळा.

शिवाजीराव म्हणाला, "दादासाहेब, म्हणजे काय समजायचं?"

मी म्हटलं, तुझीही गेली.

त्याचा चेहरा असा उतरला... मला वाईट वाटलं, पण खोटं कसं सांगणार? परत येताना सोनकच्छला वाट वाकडी केली, तिथे लतिकाच्या मावसभावाची जुनी जीप. तिला जोडला. सोळाला जरा कमी. आता बघा, तीन गावं, तीन गाड्या, दोन गेज, आणि एकही काटा हिरव्यात नाही. यावरून शहाण्या माणसाने काय निष्कर्ष काढावा? मी काढला, की जिल्ह्यात एकही इंजिन धड राहिलेलं नाही. पेट्रोलात काहीतरी असणार. त्या रात्री जेवताना मी घरात तसं जाहीरही केलं. लतिका म्हणाली, आमटी वाढू का. बापूंनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "हाटपिपल्या किती उंचावर आहे रे?" मी म्हटलं, बापू, जेवा.

आता एकच इलाज उरला, टायमिंग. इंजिनात ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा एक डबा असतो, तो जरासा फिरवला की ठिणगी आधी पडते. मी बोल्ट सैल केला, डबा केसभर फिरवला, आणि काय सांगू, काटा हलला. साडेसोळा. आणखी केसभर, सतरा. आणखी थोडा... अठरा. हिरवा पट्टा. मी लतिकाला हाक मारली, बापूंना दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं. शेजारी म्हणाले, वा. त्यांना काही कळलं नव्हतं, पण चांगले लोक आहेत.

एवढंच की गाडी आता सेल्फ मारताना हिसका देऊ लागली. आणि चढाला आतून टकटक असा आवाज, डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखा. मी गाडी अमनकडे नेली, म्हटलं, बघ, आणला की नाही हिरव्यात. त्याने पेचकस कानाला लावला आणि लगेच काढला. म्हणाला, "काकासाब, पीछे ले लो. ये तो इंजन को खा जाएगा."

मी म्हटलं, काटा खोटं बोलत नाही.

"काँटा खोटा नी हे," तो म्हणाला, "पर धार जाना हे ना आपको?"

या शेवटच्या वाक्यावर मी विचार करायला हवा होता. केला नाही.

दत्तजयंतीचा दिवस. बापू सकाळी नऊपासून तयार, धोतर, कोट, उपरणं, मांडीवर सुंठवड्याचा डबा. दहाला निघायचं ठरलं होतं. पण थंडी होती आणि काटा साडेसतरावर आला होता. आता साडेसतरा हिरव्यातच, कबूल, पण मला अठरा हवा होता. तो करताकरता वाजला दीड. निघालो. गेज मी लांब नळी लावून आत घेतला होता, पण ठेवायचा कुठे? शेवटी बापूंच्या हातात दिला. त्यांच्याकडून सुंठवड्याचा डबा लतिकाने मागे घेतला.

आणि बापू वाचायला लागले. गाडी धावते तेव्हा काटा वरखाली होतो, ते ठीकच असतं, पण त्यांना कोण सांगणार? बाहेर पुलाखालून इंदूर गेलं, आत बापू बातम्या द्याव्या तसे एकसुरात, "दहा... बारा... वीस... आता सात." चढ आला. "पाच... तीन..." आणि इंजिनात सुपाऱ्या. मी रेडिओ लावला. घाटाबिल्लोद मागे पडलं, धार पंचवीस किलोमीटर, आणि उष्णतेचा काटा, म्हणजे गाडीचा स्वतःचा, तो वर चढलेला मला दिसलाच नाही, कारण मी दुसऱ्या काट्याकडे बघत होतो. बॉनेटमधून वाफ आली. गाडी बाजूला घेतली, बंद केली. तीन वाजून वीस मिनिटं.

हे विपुलला सांगू नका. तो इथे नाहीये ना? नाही. बरं.

अर्धा तास काही करता येत नाही, तापलेल्या इंजिनाला हात लावता येत नाही. धारची बस आली. कंडक्टर थांबला, म्हणाला, "दादाजी को बिठा दो भिया." बापूंनी पायरीकडे बघितलं, आणि मी त्यांच्या गुडघ्यांकडे. मी आणि कंडक्टरने दोन्ही बाजूंनी धरून बघितलं, पाय उचलला जाईना. बस गेली. बापू पुन्हा सीटवर बसले आणि त्यांनी सूर्याकडे बघितलं. घड्याळाकडे नाही, सूर्याकडे. तेव्हा मला भीती वाटली, खरं सांगतो. बावन्न वर्षं त्या दोरीला त्यांचा हात लागला, आणि त्रेपन्नाव्या वर्षी मी, त्यांचा थोरला मुलगा, अर्ध्या आकड्यासाठी साडेतीन तास घालवले होते.

इंजिन निवल्यावर अमनला फोन केला. तो म्हणाला, "चालू करो, और फोन इंजन के पास ले जाओ." म्हणजे आता फोनच पेचकस. मी गाडी चालू केली, फोन आत धरला, लतिका म्हणाली, "अहो, फोन पडेल," आणि तिकडून आवाज आला, "बस बस, बंद करो. काकासाब, उस डब्बे के बाजू में मेंने सफेद रंग का निशान लगाया हे. जहाँ पेले था, वहीं ले आओ."

मी वाकून बघितलं. खरंच, बारीक पांढरी रेघ. मी म्हटलं, ही कधी लावलीस?

"पेले दिन. जब आप चाय पी रे थे. मेरे को मालूम था, आप घुमाओगे."

पण अमन, काटा पुन्हा सोळावर जाईल.

तेव्हा बापू गाडीतून म्हणाले, "दादा, ते पुस्तक दे इकडे."

तक्त्याचं पुस्तक मी बरोबर घेतलं होतं, साहजिकच. बापूंनी चष्मा लावला. रंगीत पट्टा बघितलाच नाही. उलटं केलं, शेवटच्या पानावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी होतं, तिथे बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "वाच."

मी वाचलं. सर्व आकडे समुद्रसपाटीचे आहेत. दर हजार फूट उंचीला सुमारे एक आकडा वजा करावा.

"देवास किती?"

मी पान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

"साडेसतराशे फूट," बापू म्हणाले. "धार अठराशे. हाटपिपल्याही त्याच पठारावर. उभा माळवा वर उचललेला आहे, दादा. इथे हवाच विरळ, तर इंजिन ओढणार काय? दोन वजा कर. अठरातून दोन गेले?"

सोळा.

"मग झालं तर. तीन आठवडे विचारतोय मी."

हायवेच्या कडेला, ट्रक जाताहेत, आणि मी एकसष्ट वर्षांचा, पदवीधर, एकतीस वर्षं काटे तपासलेला, उन्हाळ्यात माळव्याच्या गार रात्रींची पुण्याच्या पाहुण्यांसमोर फुशारकी मारणारा. त्या गार रात्री कशामुळे? उंचीमुळे. हे मला तिसरीपासून पाठ होतं, बापूंनीच शिकवलं होतं. मला लाज वाटली. काटा खोटं बोलत नव्हताच हो. तो पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता, तक्ता तेवढा बंदरावरच्या लोकांचा होता.

डबा रेघेवर आणला. पाणी भरलं. एका सेल्फला चालू. सुपाऱ्या बंद, आवाज असा मऊ की लतिकाने विचारलं, चालू झाली का? काटा सोळावर. इतका सुंदर सोळा मी आयुष्यात बघितला नाही.

पाच चाळीसला देवळाच्या दारात. आत गर्दी, गुलाल वाटून झालेला, बुवा घड्याळ बघताहेत, दोरी कुणाच्याच हातात नाही. ठेवली होती तशीच, बापूंच्या जागेवर. बापू गेले, बसले, दोरी हातात घेतली, आणि जन्म झाला. मी मागे खांबाशी उभा होतो. डोळ्यांत गुलाल गेला असावा. बाहेर आल्यावर बापू एवढंच म्हणाले, "वेळेवर होतो. विपुलला काही सांगू नकोस."

इथे संपायला हवं होतं ना? मलाही तसंच वाटलं. पण सुंठवडा वाटताना समोर हात आला, बघतो तर शिवाजीराव. दरवर्षी येतो तो, हाटपिपल्याहून, आपली गाडी घेऊन. मी म्हटलं, गाडी कुठे लावलीस?

"बसने आलो," म्हणाला. "गाडी खोललीय. पूर्ण इंजिन खाली काढलं परवा, पिस्टन बाहेर आहेत. मेकॅनिक म्हणत होता, काही झालेलं नाही. मी त्याला म्हटलं, काटा खोटं बोलत नाही."

मी त्याला सुंठवडा दिला. दोनदा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो, तर त्याला गाडीतच घ्यावं लागलं, बसने कसा जाऊ देणार? लतिकाच्या शेजारी मागे बसला. टोलनाक्यावर रांग होती. गाडी उभ्याउभ्या चालू, गेज बापूंच्या मांडीवर, आणि शिवाजीरावाने पुढे वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "दादासाहेब, तुझीही अजून सोळावरच?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, हो रे.

तो म्हणाला, "मग तूही खोलून टाक. माझ्याच मेकॅनिककडे दे." आणि बापूंनी पुढच्या सीटवरून सावकाश मान मागे वळवली. म्हणाले, "शिवाजीराव, एक सांगा. हाटपिपल्या समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे?"

रांग हलत नव्हती, समोरच्या ट्रकला जायला जागा नव्हती, हे मला दिसत होतं. तरी मी हॉर्न दाबला, आणि टोल येईपर्यंत सोडला नाही.